वेशभूषा: आदिवासी

शाळेच्या ग्रुपवर मेसेज आलाय:
स्नेहसंमेलन. दुसरी ब. नृत्य – आदिवासी.
ड्रेस पंचवटीतल्या दुकानात भाड्यानं मिळेल,
साडेतीनशे, डिपॉझिट वेगळं.
चेहऱ्याचा काळा रंग शाळा पुरवेल.

खाली सात अंगठे. एका आईनं विचारलंय,
रंग स्किनला चालणारा आहे ना, प्लीज?

म्हसरूळच्या या दोन खोल्यांत
मी भाताचा कुकर लावून उभी,
आणि हाताला तो नळ लागतो –
गंगापूर रोडच्या शाळेतला, मधला,
तोटी ढिली असलेला.

आम्ही अकरा जणी होतो. सुरगाण्याच्या, पेठच्या.
फी सरकारनं भरलेली, म्हणून आमचं नाव योजना.
योजनेच्या मुलींनी मागं बसा.
योजना, ताटं वेगळी ठेवा.
हजेरीत मी हौसा सोमा भोये,
मधल्या सुट्टीत डांबर.
ढगाळ दिवशी वर्गातली लाईट गेली
की कुणीतरी ओरडायचं,
हौसा, हस गं, कुठंयस ते दिसू दे.
आणि हे मी कुणाला सांगितलेलं नाही –
मी हसायचे. दात दाखवायचे.

बाई म्हणायच्या, मस्करी गं ती,
मनाला लावून घेऊ नये.
निमाणीहून बाऱ्ह्यापर्यंतच्या एसटीत, खिडकीशी,
घाटात उलटी दाबत मी त्यावर विचार करायचे.
घरी बाहास विचारायचा, शाळा कशी?
मी सांगायचे, जेवायला पोळी असते.

आठवीत गॅदरिंगला 'आदिवासी' बसवला.
सोळा मुली निवडल्या, आमच्यातली एकही नाही.
बाई म्हणाल्या, तुम्हाला स्टेप्स जमायच्या नाहीत.
लग्नांत पावरीवर रात्र रात्र नाचलेले पाय
मी बाकाखाली एकावर एक ठेवले.
आम्हाला पडदा ओढायचं काम.

दोरीशी उभं राहून पाहिलं:
तोंडाला काळं, कमरेला प्लास्टिकची पानं,
डोक्यात कोंबडीची पिसं,
ओठांवर तळवा आपटत उऽ उऽ उऽ.
आमच्याकडं असं कुणीच करत नाही.
शेजारी यमुना थविल कुजबुजली,
हे कोण गं?
मी म्हटलं, आपण.

मग नळावर रांग. साबण, खिदळणं.
काळं पाणी मोरीकडं जाताना
माझ्या चपलेवरून गेलं.
डांबर हे नाव जिनं शोधलं होतं
ती शाल्मली दाणी
माझ्यापुढं मान वाकवून उभी राहिली:
कानामागचं निघत नाहीये, काढ ना.
काढलं मी. ओल्या रुमालानं घासून,
गरजेपेक्षा थोडं जास्तच घासून.
कान लाल झाला. ती म्हणाली,
थँक्स गं हौसा.
पहिल्यांदाच हौसा.
मला ते आवडलं.
त्याचा राग अजून गेलेला नाही.

कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.
मुलगी गृहपाठ सोडून विचारते,
आई, आदिवासी म्हणजे कसं दिसायचं असतं?
तिच्या गालाला बिस्किटाचा भुगा.

ग्रुपवर लिहिते: ड्रेस नको, आमच्याकडं आहे.
पुसते.
लिहिते: रंग नको.
पाठवते.
बराच वेळ कुणाचाच अंगठा येत नाही.
मग कुणीतरी विचारतं,
का हो? ॲलर्जी आहे का?

हो, मी लिहिते,
आणि होच्या पुढं लिहीत जाते, लिहीत जाते.
भात लागल्याचा वास येतो.