जागा नंतर कळवते

गुरुवारी दुपारी यादी शून्यावर आली.
त्याआधी ती येतच नव्हती.
चाळीस मिनिटं चक्र फिरायचं, मग सर्व्हर हात टेकायचा.
ओंदीना बारीआने प्लॅन उघडून पाहिला:
एकेका दाव्यासाठी अख्खं टेबल चाळलं जात होतं,
एक शब्द शोधायला कुणी कोश
अथपासून इतिपर्यंत वाचावा तसं.
तिने इंडेक्स बांधला. कॉफी निवायच्या आत उत्तर आलं.
शून्य ओळी.

पुंता आरेनासच्या दफनभूमीत
चव्वेचाळीस हजार जागा.
त्यातल्या कितींवर कुणाचाच दावा नाही?
नगरपालिकेला उद्या हवं होतं;
नव्याने मरणाऱ्यांना जागा पुरत नव्हती.
आणि मशीन म्हणत होतं, एकही नाही.

"एकही नाही कसं?"
कुसानोविच साहेब दारातच, अंगावर कोट तसाच.
"सतराव्या गल्लीत गवत गुडघ्याला लागतं.
वाऱ्याशिवाय तिकडे कोण फिरकतंय?"

क्वेरी साधी होती:
ती थडगी दे, ज्यांचा नंबर
दाव्यांच्या टेबलात नाही.
नॉट इन.
तिने स्पेलिंग तपासलं, कंस मोजले,
परवानग्या पाहिल्या, कालचा बॅकअप
टेस्ट सर्व्हरवर उतरवून तिथेही विचारलं.
तिथेही नन्नाचा पाढा.

मग आठवलं. तिला नव्हे,
तिच्या बोटांना आधी आठवलं.
त्यांनी लिहिलं: जिथे थडग्याचा नंबर नल आहे.
एक ओळ.

एकोणीसशे एक्क्याऐंशी. दावा करणारी: एदुविना मान्सीया.
नातं: आई.
मुलाचं नाव लिसान्द्रो, वय एकोणीस,
बोट 'दोन्या क्लेमिरा', सामुद्रधुनीच्या पश्चिमेला.
पैसे भरलेले. पावती क्रमांक आहे.
शेऱ्यात, कारकुनाने तिच्याच तोंडचं उतरवलं असावं:
जागा नंतर कळवते.

नल म्हणजे शून्य नव्हे.
निरंकही नव्हे; निरंक लिहिणाऱ्याने
निदान डबा उघडून पाहिलेला असतो.
नल म्हणजे ठाऊक नाही.
म्हणून मशीन प्रत्येक बेवारस थडग्यापाशी
अडत होतं:
हेच लिसान्द्रोचं नसेल कशावरून?
छातीठोक नाही म्हणता येईना,
म्हणून ते थडगं यादीत घेईना.

"उडव ती ओळ," साहेब म्हणाले, पण हळू.
"नाहीतर कॉलम सक्तीचा कर.
रिकामा सोडताच येऊ नये."
"आणि भरू काय तिथे?" ओंदीना म्हणाली.
"पाण्याचा नंबर काय?"

साहेबांनी कोट काढला.
त्यांच्या आजोबांचं थडगं तिसऱ्या गल्लीत आहे,
संगमरवरी. नोव्हेंबरात ते स्वतः पुसतात.
ते काहीच बोलले नाहीत.

तिने नॉट इन खोडलं, नॉट एक्झिस्ट्स लिहिलं.
प्रश्न तोच, दुसऱ्या टोकाने धरलेला.
थडग्यापाशी उभं राहून विचारायचं,
तुझ्यावर दावा सांगणारं कुणी सापडतंय?
नाही सापडलं तर घ्यायचं यादीत.
जे कुठल्याच थडग्याशी जुळत नाही
त्याने कुणाची वाट अडत नाही,
ते राहू दे तिथल्या तिथे.

तेराशे अठरा ओळी.
साहेबांना त्या एक्सेलमध्ये हव्या होत्या, गल्लीनुसार.
सतरावी गल्ली जवळजवळ सगळी आली.

साडेसहाला डिस्क भरत आल्याचा इशारा.
तिने जुने लॉग पुसले,
टेस्टवर उतरवलेला बॅकअप पुसला.
पुसण्याआधी सर्व्हरचं नाव दोनदा वाचलं, मोठ्याने.
दोन हजार अकरातल्या एका मंगळवारपासून
ती ते मोठ्यानेच वाचते.

जाताना दार वाऱ्याने हातातून ओढून घेतलं.
रात्री दोनला बॅकअप लागतो.
त्यात ती ओळही गेली, कालच्यासारखी.