बॅटरी धरायला माणूस

बांबोळीहून परत आलो तेव्हा हातात
गोळ्यांची पिशवी होती आणि एक कागद,
पुढच्या तारखेखाली दोन रेघा मारलेला.
रायबंदरच्या फेरीबोटीत चोडणचे चारपाच जण भेटले.
सगळ्यांनी पाण्याकडे पाहिलं.
नदीत बघण्यासारखं इतकं काही असतं
हे मला त्या दिवशी कळलं.

घरी सुलक्षानं सुऱ्या लपवल्या होत्या.
आदोळीसुद्धा.
नारळ शेजारून खवून यायचा
आणि त्यावर आम्ही दोघंही काही बोलत नव्हतो.
जेवताना ती माझ्या हातांकडे बघायची,
मी ताटाकडे.

तिसऱ्या दिवशी इनास आला.
दारातच उभा, चप्पल न काढता.
शाळेत मी त्याला गणितं सोडवून द्यायचो,
त्यानंतरच्या तीस वर्षांत आमचं बोलणं
मासळीचा भाव आणि निवडणूक, एवढंच.
कसा आहेस, असं त्यानं विचारलं नाही.
म्हणाला, "फाल्यां पांचांक सुकती.
बॅटरी धरपाक मनीस ना."

मी म्हटलं, गोळ्यांनी हात थरथरतात.
"थरथरूं दी. कुर्ली कागाळ करची ना."

खाजनाच्या बांधावर चालायचं हळू.
एका अंगाला खारं पाणी, एका अंगाला कोरगूट,
मधे दीड हात माती
आणि तिच्यावर आम्ही, एका उजेडाचे दोघे.
बीळ दिसलं की इनास वाकायचा,
चिखलाचा गोळा मुठीनं आत दाबायचा,
वर टाच मारायचा. पुढे.
अंगठ्याएवढी बिळं.
"आज अंगठा," तो म्हणाला,
"पुनवेला हातून अख्खी न्हंय भितर येता."
तो बांधाबद्दलच बोलत होता.
मी मात्र कितीतरी दिवस त्यात
दुसरं काहीतरी शोधत राहिलो.
एकदा विचारलंही.
तो पोट धरून हसला.
तू पहिल्यापासूनच पुस्तकी, म्हणाला.

ओहोटी रोज पाऊण तास पुढे सरकते.
जाताना तो उद्याची वेळ सांगायचा:
पावणेसहा. साडेसहा. सव्वासात.
मी उद्या असणार, हे त्यानं
न विचारता धरलेलं.
सरकत सरकत ती दुपारी दोनवर आली,
डोकं भाजणारं ऊन,
आणि इनास दारात:
"बॅटरी घे."

मग मे महिन्यात दहा दिवस मी उठलो नाही.
का, ते अजून सांगता येत नाही.
छप्पर दिसत होतं, पंखा दिसत होता,
पाय माझे नव्हते.
तो यायचा, पायरीवर बसायचा, विडी ओढून जायचा.
सुलक्षा आत येऊन सांगायची, आज दोन ओढल्या.
एकदा ती बाहेर त्याच्याजवळ बराच वेळ रडली,
मी ऐकलं, आणि उठता आलं नाही.
अकराव्या दिवशी मी खिडकीतून
नुसती बॅटरी बाहेर दिली.
नवे सेल घालून.
तो काही बोलला नाही. घेऊन गेला.
बाराव्या दिवशी परत आणून
पायरीवर ठेवली, आणि उभा राहिला.

जूनमध्ये केव्हातरी
मी गुडघाभर चिखल घेऊन घरात आलो
आणि सुलक्षा कडाडली.
आत्ताच लादी पुसली होती, डोळे फुटले काय!
आठ महिन्यांत पहिल्यांदा.
इतके दिवस ती माझ्याशी
काचेच्या भांड्याशी बोलावं तशी बोलत होती.
मी दारातच उभा राहून
ते ओरडणं शेवटपर्यंत ऐकलं.

आणि एका रविवारी आदोळी परत आली.
कुठून काढली, मी विचारलं नाही.
पात्यावर गंज, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली,
तिनं ती माझ्याच हातात दिली.
"पणजीहून धार लावून आण."
मग दारापर्यंत आली,
आणि फेरीबोट दिसेनाशी होईतो
आत गेली नसावी. मी मागे वळून पाहिलं नाही.

बोटीत कुणीतरी विचारलं, काय रे हे कागदात?
म्हटलं, आदोळी. धार लावायला.
तो माझ्याकडे बघत राहिला,
मग थोडा सरकला.
मी बसलो.
खिशात बॅटरी होती, भर दुपारी.