दोनशे पन्नास

केणी म्हणायचे, हे अंतर किलोमीटरचं नव्हे.
शून्य म्हणजे आपल्याच अंगाला जोडलेली तार.
एक, म्हणजे माणसानं बसून लिहिलेली वाट.
एकशे दहा: शेजारच्या राऊटरनं सांगितलं,
त्याला त्याच्या शेजाऱ्यानं.
आकडा वाढला की भरवसा कमी. बस्स.

त्या रात्री साकीनाक्याच्या तिसऱ्या मजल्यावर
परळच्या एका इस्पितळासाठी त्यांनी
ट्रॉम्बेवरून वळसा घेणारी जुनी, मंद वाट
हातानं टाईप केली
आणि शेवटी आकडा दिला, दोनशे पन्नास.

मी म्हटलं, तुम्ही लिहिलेली ना? मग एक का नाही?

"एक दिला तर आत्ताच पुढे घुसेल.
दोनशे पंचावन्न दिला तर मेलीच.
अंतर द्यायचं, सुनेत्रा,
पण अंतर द्यायचं नाही."

ते निवृत्त झाले. चार वर्षं
टेबलात ती वाट दिसली नाही;
दिसणारच नव्हती.
ऑडिटवाला म्हणाला, ही ओळ उडवा.
मी चहा मागवला, विषय बदलला.

काल पहाटे तीन वाजून दहा.
मरोळला जेसीबीनं फायबर उपसली,
एकशे दहावाले शेजारी एकदम मुके.
मी टेबल उघडलं.
होती.
परळला एक्स-रे पोचत होते,
फुफ्फुसं वरून खाली, ओळीओळीनं,
रखडत, पण पोचत होते.

उजाडल्यावर केणींचा नंबर शोधला.
चार वर्षांत एकदाही लावला नव्हता.
दुसऱ्या रिंगला उचलला:
"बोल. कुठली तार तुटली?"