शिअर शून्य

रात्री साडेदहाला पाचही घरांतली भांडी घासून होतात.
मग नौशीन लिंक टाकते
आणि आम्ही एकेक करून काळ्या चौकोनांत येऊन बसतो.
कॅमेरा कुणीच लावत नाही.
कौसाहून नौशीन, दिघ्याहून सुमेध,
दिवाळे कोळीवाड्यातून योजना तांडेल, घणसोलीहून मी
आणि तुर्भे स्टोअरहून, नेहमी उशिरा, प्रसेन,
ज्याचा माइक बंद होत नाही.
त्याच्या घरी डाळ कधी शिजते, आवाज कधी चढतात,
आम्हाला ठाऊक.
चेहरा ठाऊक नाही.

तीन कॉलेजं, एकच राहिलेला विषय:
स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स. तोही दुसऱ्यांदा.

त्या रात्री दोन टेकूंवरचा बीम होता, वर सगळीकडे सारखा भार.
मी सोडवला. डब्ल्यू एल वर्ग भागिले आठ.
वहीचा फोटो टाकला, उत्तराखाली दोन रेघा मारून.
(गटातली हुशार मी.)
पण का? प्रसेन म्हणाला.
काय पण का?
मधोमध शिअर शून्य आहे ना?
मग जिथं कुणी कुणाला कापत नाही
तिथंच बीम सगळ्यात जास्त का वाकतो?

मी म्हटलं, सूत्र आहे तसं.
सहा मार्कांना येतं, लिही आणि मोकळा हो.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही.
तिसऱ्याही.
आम्ही भराभर पुढे सरकलो, दोन बैठकांत टॉर्शन संपवलं.
कुणी अडवलं नाही.
चौथ्या रात्री योजनाने विचारलं,
परवाचं टॉर्शन कुणाला आठवतंय का गं?
चार चौकोन. चारही गप्प.

पहाटे दोन दहाला मेसेज:
महाप्याला गोडाउनला लागलोय, रात्रपाळी.
तुम्ही बोलून ठेवा, मी जेवणाच्या सुट्टीत ऐकतो.

बोलून ठेवणं सोपं नसतं.
समोरून कुणी हं म्हणत नाही.
मी चार वेळा रेकॉर्ड केलं, चारही वेळा पुसलं;
जिथं जिथं श्वास घ्यायला थांबले
तिथं तिथं तो विचारत होता, पण का?

शेवटी नौशीनने पाठवलं, सव्वा मिनिटाचं,
मागे तिच्या भावाचं रडणं, पुढे तिचा दबका आवाज:
आमच्या खिडकीतून डोंगर दिसतो, पारसिकचा.
चढतोय तोवर चढ आहे.
चढ संपतो, शून्य होतो,
तीच तर सगळ्यात उंच जागा ना?
योजना: थांब. म्हणजे चढ हा शिअर, आणि उंची हा मोमेंट?
डोंगर मलाही दिसतो, बेलापूरच्या बाजूने.
सुमेधने नुसतं लिहिलं: जमा होत जातं.
मग दहा मिनिटांनी: टेकूपासून मधल्यापर्यंत सगळं जमा होत जातं रे.

मी वही उघडली.
त्या दोन रेघांखाली जागा होती.
तिथं मी डोंगर काढला, वाकडातिकडा,
आणि पहिल्यांदाच माझं उत्तर मला कळलं.

दोन रात्रींनी त्याचा फोटो आला.
लोखंडी रॅक, तीन कप्पे, खच्चून खोकी,
मधला कप्पा मधोमध झुकलेला, जरासाच,
रोज बघणाऱ्यालाच दिसेल इतका.
फोटोवर बोटाने काढलेला लाल बाण.
खाली: डब्ल्यू एल वर्ग भागिले आठ, इथंच. सुपरवायझरला सांगितलं.
तो म्हणाला, तू खोकी उचल.

कोपऱ्यात, काचेत,
हेल्मेट घातलेलं कुणीतरी मोबाइल धरून उभं होतं.
मी मोठं करून पाहिलं. नुसते ठिपके.

लगेच पुढचा मेसेज:
बरं, मधे एक पाय लावला तर?
वाकणं कमी होईल, कळलं.
पण मग त्या पायावर कप्पा उलटा का वाकतो?

दोन वाजून गेले होते.
मी लिहिलं, माहीत नाही.
या गटात हे मी कधी लिहिलं नव्हतं.
पाठवलं.
वर दिसत होतं, सुमेध टाइप करतोय.
मग थांबलं.
मग पुन्हा.