डावीकडची फट

मुरोरानला आमचं कॉफीचं दुकान होतं,
पोलाद कारखान्याच्या तिसऱ्या फाटकासमोर.
चार टेबलं. त्यातल्या एकाच्या पोटात यंत्र:
काचेखाली विटांची भिंत, एक फळी, एक चेंडू.

रंग खोटे होते. पडदा काळा-पांढराच,
वर चिकटवलेल्या जिलेटिनच्या पट्ट्या,
तांबडी, नारिंगी, हिरवी, पिवळी.
चेंडू ज्या पट्टीखालून जायचा, तिचा व्हायचा.
मला ठाऊक होतं, कारण काच मीच पुसायचे:
कपांची वर्तुळं, राख, कोपरांचे ठसे.

शिगेमात्सु रात्रपाळी संपवून यायचे.
क्रेन चालवायचे ते. उकळत्या लोखंडाची बादली
तसू-तसूनं पुढे सरकवणारा हात
शंभर येनचं नाणं टाकून
त्या एवढ्याशा खुंटीवर ठेवायचे,
झोपलेल्या पोराच्या डोक्यावर ठेवावा तसा.

नवशिके मधोमध ठोकत बसतात.
ते डावी कड धरायचे.
एक वीट. तिच्यामागची वीट. आणखी एक.
टक, टक, चेंडूचा वेग वाढायचा,
आई कप विसळायची थांबायची,
आणि तो फटीतून वर सटकायचा.

वर, भिंत आणि छत यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत
चेंडू आपला आपण नाचायचा,
विटा पाठीमागून ढासळायच्या,
आकडा चढत जायचा,
आणि खाली फळीला काही काम नसायचं.

तेवढ्यासाठीच ते खेळायचे, असं मला वाटतं.
हात सुटायचा. सिगारेट पेटायची.
कॉफीचा पहिला घोट, गरम असतानाच.
"फुमिएसान, बर्फ थांबला का हो?"
आई खिडकीकडे न बघताच सांगायची, नाही.
दहा सेकंद असतील. फार तर बारा.
नजर मात्र काचेवरून हलायची नाही;
चेंडू कधी, कुठून खाली येईल, नेम नाही.

त्या हिवाळ्यात एक भट्टी विझवली.
फाटकावर यादी लागली.
त्यानंतरही ते आले, पण भर दुपारी,
दाढी करून, कामावरचेच बूट घालून.
फट पाडली. चेंडू वर गेला.
त्यांनी हात काढला
आणि तो कुठे ठेवावा ते त्यांना सुचेना.

कप होता समोर. त्याला शिवले नाहीत.
चेंडू खाली आला.
फळी होती तिथेच, दोन बोटं उजवीकडे,
सहज गाठली असती.

उरलेले दोन चेंडू त्यांनी मला दिले. "खेळ."
मी मधोमध ठोकत बसले.