वाढीव बांधकाम

ब्यूट, मोन्टॅना. मे महिना, तरी बर्फ.
केंद्राला लागून असलेलं बूट दुरुस्तीचं दुकान
म्हातारा कोवासिच गेल्यापासून बंद होतं.
ते आता आपलं.
मधली भिंत तेवढी काढायची.

नकाशा टेबलावर पसरून लोर्ना विचारते,
किती खोल्या?
मी वही उघडते.
एक्केचाळीस नावं, सगळ्यात लहान तीन वर्षांचं.
यादी संपेल एवढ्या, मी म्हणते
आणि दोघी गप्प होतो,
कारण या यादीला जागा दिली की ती लांबते.
मागे दोन खोल्या वाढवल्या
तेव्हा बँकेतला एक जण म्हणाला होता, अभिनंदन.
तो शब्द कुठे ठेवायचा
मला अजून कळलेलं नाही.

मंजुरीच्या सभेत लोक बोलले.
गाड्या कुठे लावायच्या,
आमच्याच गल्लीत कशाला,
आम्ही नाही का मार खाऊन मोठे झालो.
मागच्या रांगेत नाकात ऑक्सिजनची नळी घातलेली एक बाई
उठून उभी राहिली.
बराच वेळ नुसती उभी.
मग म्हणाली, "करा मंजूर,"
आणि खुर्ची चाचपत बसली.

सुतार एइनो सारेला.
आजा खाणीत, बाप खाणीत, हा एकटा लाकडात.
लोर्नानं त्याला दारातच थांबवलं:
मुलं असताना ठोकायचं नाही.
शिट्टी चालेल, पण आधी सांगून.
आणि कमरेचा तो पट्टा, हत्यारांचा,
गाडीतच काढून ये.
का, ते त्यानं विचारलं नाही.
पट्टा सोडला
तेव्हा बक्कल वाजू नये म्हणून
मुठीत घट्ट धरलं होतं.

मग संध्याकाळी सहानंतर भिंत उतरायला लागली.
पाडली नाही, उतरवली.
एकेक खिळा पकडीनं ओढून
पत्र्याच्या डब्यात, तळाशी फडकं घालून.
भिंतींना कान असतात म्हणतात.
असतील.
घराघरांतल्या भिंतींनी ऐकलंच होतं सगळं,
जबाब द्यायला मात्र एकही आली नाही.

नवव्या दिवशी भोक पडलं, ताटाएवढं.
सकाळी एक मुलगी त्यातून डोकावत होती.
इथली नावं बाहेर जात नाहीत,
तिला आपण ब्रिन म्हणू.
कुठल्याही खोलीत शिरली की ती आधी दारं मोजते.
एइनो उरलेलं सामान न्यायला आला होता,
त्याला तिनं विचारलं,
"नव्या दाराला कडी कुठल्या बाजूनं?"
"तू सांग."
ती नाश्ता होईपर्यंत विचार करत राहिली.
"कडीच नको," म्हणाली. "पण टकटक करायला जागा ठेव."
त्यानं कानामागची पेन्सिल काढली
आणि दार अजून नव्हतंच,
तरी हवेत, तिच्या खांद्याच्या उंचीवर,
एक खूण केली.

दुकानात फळीवर राहिलेले जोड निघाले.
दुरुस्त होऊन पडलेले, कुणी न नेलेले,
प्रत्येकाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी,
कोवासिचच्या तिरक्या अक्षरात नाव आणि वार.
माझ्या वहीसारखीच एक वही, फक्त चामड्याची.
शेवटी एक लहान जोड, तपकिरी, नवा तळ.
"बुधवारी नेतील."
कुठला बुधवार, काय माहीत.

ब्रिननं खाली बसून पाय घालून पाहिले.
टाचेत दोन बोटं जागा उरली.
मी म्हटलं, मोठे आहेत गं.
"होतील," ती म्हणाली,
नाड्या बांधून जोड फळीवर परत ठेवला,
पुढची टोकं दाराकडे करून.

फोन केव्हाचा वाजत होता.
आवाज आम्ही मुद्दाम बारीक ठेवलाय.
मी वहीचं पान उलटलं.