तळटीप क्रमांक सत्त्याऐंशी

गित्तेसरांचा प्रबंध मी टाइप करते आहे.
पानाला अठरा रुपये, तक्ता असेल तर पंचवीस.
चहा उद्योगाचे अर्थशास्त्र : संशोधनातील कल.
उदगिरात, देगलूर रोडला, पहिल्या मजल्यावर,
जिथून चहाचं जवळचं झुडूप
रेल्वेनं एक रात्र आणि वर एक दिवस.

आधी सगळे लिलावावर लिहीत होते,
गुवाहाटीचा भाव, कोलकात्याचा भाव.
मग मजुरीवर. मग केनिया पुढं कसा गेला.
आता हवामान, लहान बागाईतदार,
आणि पाकिटावरच्या हिरव्या शिक्क्याचे जादा पैसे
कुणाच्या खिशात पडतात ते.
तीनशे बारा शोधनिबंध.
नकाशावर जितके निबंध, तितका मोठा ठिपका.
आसामचा एवढा की खालचं नाव बुजलं,
मी अक्षर दोन पॉइंटनं वाढवलं.
आमच्या बाजूला कागद कोरा.

दुपारी दोनला मैनोद्दीनचाचा दोरी हलवतात.
मी टोपली वर ओढते.
मोंढ्यातली सुटी भुकटी,
तिसऱ्या उकळीलाही रंग सोडणारी.
गिलास पुन्हा बदललाय, पेरभर बुटका.
म्हटलं, चाचा, दहाचा चहा दहालाच ठेवलात.
"भाव वाढविला की गिऱ्हाईक भांडतंय.
गिलास बारका केला की गप पितंय."

त्या रात्री प्रकरण सहा, संशोधनातील उणिवा.
सरांनी चार लिहिल्या होत्या. पाचवी मी घातली :
किंमत स्थिर असताना पेला लहान होत जातो,
याची नोंद आढळत नाही.
भाषा त्यांचीच ठेवली.
'आढळत नाही' त्यांना फार आवडतं.

आठ दिवसांनी प्रत परत आली.
मार्गदर्शक बाईंनी पानंच्या पानं लाल केलेली,
पाचवीपाशी मात्र एवढंच :
चांगला मुद्दा. संदर्भ?
सर म्हणाले, हे मी कधी लिहिलं हो?
उन्हाळ्यात, सर.

मग वही घेऊन खाली गेले.
चाचा, पहिल्यांदा गिलास कधी बदलला? साल सांगा.
ते फडकं पिळत राहिले.
"तरन्नुमची दहावी झाली तवा.
दुसऱ्यांदा बोअर आटला तवा.
आन् हा..."
गॅसच्या टाकीकडं बघितलं, पुढं बोलले नाहीत.

वर आले. तळटीप सत्त्याऐंशी.
आडनाव आधी : शेख, मैनोद्दीन.
सालासाठी कंस उघडला.
कर्सर लुकलुकत राहिला.

खालून दोरी हलली,
रिकामा गिलास मागत होते.